नाड्याचं माप

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या विहिरीवर नवा नाडा मापायची रीत होती. मोटेचा नाडा म्हणजे अंबाडीचा दोर, माणसाच्या मनगटाएवढा जाड. बैल धावेच्या, म्हणजे मोट ओढायच्या उताराच्या माथ्यावर, अगदी विहिरीला पाठ लावून उभे करायचे. नाड्याचं एक टोक चाकावरून विहिरीत सोडायचं. एका घरच्या माणसानं वर जुवापाशी थांबायचं, दुसऱ्या घरच्यानं विहिरीत उतरून अकराव्या पायरीवर उभं राहायचं. दोर त्याच्या पायाला लागला की तो खालनं ओरडायचा, "टेकला!" मग वरचा माणूस जुवापाशी खूण करून नाडा तोडायचा. तुटलेला तुकडा उकलून त्याच्या पेडांचे गोंडे दोन्ही घरच्या बैलांच्या गळ्यात बांधायचे आणि नारळ फोडायचा.

विहीर दोन घरांची. एक आमचं आणि एक माझा चुलतभाऊ आकाराम याचं. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. पाळी दिवसाआड. एक दिवस त्याची मोट, एक दिवस माझी. अकराव्या पायरीखाली मोट जायचीच नाही, कारण नाडाच तेवढा. खालचं पाणी झऱ्याचं. ते हलत नव्हतं म्हणून उन्हाळ्यातसुद्धा रात्रीतून विहीर तीन पायऱ्या वर यायची. आमच्या आजांनी ही रीत घातली की त्यांच्या आजांनी, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

माझा अर्ध्या एकराचा पानमळा त्या पाण्यावर होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेले आठशे वेल. वडिलांनी लावलेला. माझी बायको तानाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी वेल तिच्या खांद्याला लागत होते. पुढं ती शिडी लावून पानं खुडायची. मळ्यात पायताण घालून कुणी जायचं नाही, मग तो पाटील असो. पानांच्या करंड्या हातकणंगल्याच्या स्टेशनावर जायच्या आणि तिथून रेल्वेनं लांब लांब.

संस्थान मोडून मुंबई सरकार आलं, त्याला दोन वर्षं झाली असतील. नवीन हक्काचे कागद करायला एक कारकून गावात आला. विहिरीवरच्या उंबराखाली घोंगडं टाकून बसला. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं.

"विहीर सामाईक. निम्मा हिस्सा आकाराम, निम्मा हिस्सा ज्ञानू. पाळी दिवसाआड. बरोबर?"

"बराबर," दादा म्हणाला.

"आणखी काही वहिवाट असंल तर सांगा. एकदा कागद झाला की मग बदलायला कटकट."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "नाडा अकराव्या पायरीपतोर जातो सायब."

"म्हणजे?"

"म्हंजे तेवढाच हाय नाडा."

"मग ते लिहू?"

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की तोंडात राख आल्यागत होतं. "ते कशाला लिवायचं? सूर्य उगवतो ते लिवता काय? नाडा हाय की तितं. तो काय कागदाबिगर लांब हुतोय?"

कारकूनही हसला. दादाही हसला. आम्ही दोघांनी अंगठे उठवले आणि तानाबाईनं सगळ्यांना पानं दिली. कारकुनानं जाताना दहा पानं फडक्यात बांधून नेली.

दादानं पाणी उपसायला घेतलेलं इंजिन आलं ते त्रेपन्न सालच्या माघात. स्टेशनावरून दादाच्या बैलगाडीतून आलं. गाव बघायला जमलं. हिरव्या रंगाचं, पोट सुटलेल्या माणसासारखं. विहिरीत पाचव्या पायरीच्या अंगाला कपार फोडून त्याला बैठक केली. खाली सोडलेला नळ किती लांब आहे, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. नारळ मीच फोडला.

"ज्ञान्या, हँडल मार की," दादा म्हणाला.

मी मारलं. तीनदा मनगट झटकलं, चौथ्यांदा ते धडधडू लागलं. नळाच्या तोंडातून पाणी असं आलं की थारोळ्यातनं बाहेर उडालं. बायका ओरडल्या. तानाबाईनं त्यात पाय धुतले. माझे बैल खुंट्याला होते, ते त्या आवाजानं दावं ओढू लागले.

"आता बैलाला सुट्टी," दादाची बायको शालूबाई म्हणाली. "बैलाला बी आन बैलामागच्या माणसाला बी."

सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. पहाटे मोट जुंपली. पहिली मोट खाली सोडली तेव्हा पाण्याचा आवाज आला नाही. बैल धावेला लागले आणि ओझं नसल्यामुळं एकदम पळाले. डावीकडचा हरण्या गुडघ्यावर आपटला. मी नाड्यावर बसलो होतो, तो फेकला गेलो. मोट वर आली ती कोरडी, तळाला आधीचा मूठभर गाळ तेवढा होता.

मी पायऱ्या उतरून गेलो. अकरावी पायरी कोरडी. बारावी, तेरावी कोरडी. पंधराव्या पायरीला पाणी होतं, गढूळ, आणि दादाचा नळ त्यात बुडालेला. चार तासांत इंजिनानं झऱ्यापर्यंतचं ओढलं होतं. रात्रीतून वर आलेलं तेवढंच.

हरण्याच्या गुडघ्याला हळद लावून मी दादाकडं गेलो. तो उसाच्या सऱ्या सोडत होता. त्या साली त्यानं पहिल्यांदाच दोन एकर ऊस लावला होता.

"दादा, विहीर तळाला गेली."

"मला बी दिसलं."

"नळ वर घे की मग. अकराव्या पायरीवर."

त्यानं फावडं थांबवलं. "वर घेतला तर इंजान तासाभरात बंद पडतंय. तासाभरात ऊस भिजतोय व्हय?"

"माजा मळा?"

"तुज्या दिशी मी इंजानाला हात लावला काय? न्हाई लावला. तुजी पाळी तुला हाय की." मग थोडा मऊ झाला. "आरं, असं कर. मोट सोड. माज्याच नळाचं पाणी घे, तुज्या दिशी मी इंजान लावतो. पानांतला निम्मा वाटा मला दे. तेल लागतंय, नळ लागतोय, फुकट कोण देतंय?"

"माज्या विहिरीचं पाणी मी तुज्याकडनं वाट्यानं घेऊ?"

"विहीर दोगांची. इंजान माजं."

मी घरी आलो. तानाबाई चुलीपाशी होती. सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

"घ्या की वाट्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"निम्मी पानं तरी राहतील. वेल जगला तर पुन्यांदा भांडता येतंय. मेल्यावर कुणाला भांडणार?"

"आज पानाला वाटा, उद्या जमिनीला. आजवर या विहिरीवर कुणी कुणाला वाटा मागितला न्हाई. कायदा हाय का न्हाई?"

"आसंल बाई," ती म्हणाली. "वेलाला पाचव्या दिशी पाणी लागतंय, तेवढं मला ठावं हाय."

मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. मामलेदारसाहेब स्वतः विहिरीवर आले. वयस्क गृहस्थ, धोतर-कोट. चष्मा पुसत एकेक पायरी मोजत खाली उतरले, अकराव्या पायरीवर उभे राहिले, तिथल्या दगडाला नाड्यानं पडलेली खाच बोटानं चाचपली. मला वाटलं, जिंकलो.

वर आल्यावर उंबराखाली बसले. हक्काचा कागद काढला.

"हे तुमच्या पाळीच्या दिवशी इंजन लावतात?"

"न्हाई सायब."

"तुमची मोट अडवतात?"

"न्हाई."

"पाट फोडला? बैल हाकलले?"

"न्हाई सायब. पर पाणीच ठेवत न्हाईत."

"किती पाणी ठेवावं हे कुठं लिहिलंय?"

दादा खाली मान घालून गवताची काडी मोडत होता.

"नाड्याची रीत हाय सायब," मी म्हणालो. "साऱ्या गावाला विचारा."

"मला विचारायला नको. मी खाच बघितली." साहेबांनी चष्मा काढला. "पण माझ्यापुढं कागद आहे. कागदात पाळी आहे, नाडा नाही. कायद्यात मोट आहे, विहीर आहे, पाट आहे. हे यंत्र अजून कायद्याला नीट माहीत नाही. त्यानं अडथळा केला असं मी लिहू शकत नाही. तुम्ही कोल्हापूरला दिवाणी दावा लावा. तिथं रीत शाबीत करता येईल."

"किती दिस लागतील?"

साहेब उठले. "वकील चांगला बघा," एवढंच म्हणाले. जाताना त्यांनी पानमळ्याकडं बघितलं आणि काठावर पायताण काढून दोन पावलं आत गेले. एक वेल हातात धरला, सोडला. तानाबाई पलीकडं उभी होती, तिला बघून मान हलवली आणि गाडीत बसले. चांगला माणूस होता. चांगला होता म्हणूनच जास्त लागलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही ओढ्यातनं पाणी वाहिलं. ओढा तीन शेतं ओलांडून. माझ्या खांद्यावर कावड, तानाबाईच्या डोक्यावर दोन घागरी. एकेका वेलाच्या बुडात ओतायचं. एका घागरीत चार वेल. आठशे वेलांना दोनशे घागरी. पहाटे सुरू केलं तर दुपारपर्यंत शंभर व्हायच्या. मग ऊन असं व्हायचं की ओतलेलं पाणी चर्र करून जायचं आणि माती लगेच पांढरी. तानाबाईच्या डोक्यावरचे केस चुंबळीखाली गळाले. मान आखडली. कुणी हाक मारली की तिला सगळं अंग वळवून बघावं लागायचं.

एक दिवस ती मला न सांगता शालूबाईकडं गेली. इंजिनाच्या पाटातून दोन घागरी भरून घेऊ का, म्हणून विचारलं. शालूबाई नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "घे की अक्का. पर ह्यास्नी विचारून घे. त्यांनी तेल मापून ठेवल्यालं असतंय." तानाबाई रिकाम्या घागरी घेऊन परत आली. मला हे चार महिन्यांनी कळलं, तेही शेजारणीकडून.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतासा? आनी एक दावा लावला असतासा."

वेल एकदम मरत नाही. आधी पान लहान येतं. मग कडेनं पिवळं. मग देठाशी ढिलं पडतं, हात लावला की हातात. स्टेशनावरचा व्यापारी करंडी उघडून बघायचा आणि वरची चार पानं उचलून पुन्हा टाकायचा. "पावणं, ही पानं बैलाला घाला," असं त्यानं एकदा चार माणसांत म्हटलं. मी करंड्या तशाच परत आणल्या. बैलांनीही नुसतं हुंगलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी सकाळी मळ्यात गेलो. शेवऱ्या हिरव्या होत्या, वेल दोरीसारखे लोंबत होते. सगळा फिरून बाहेर आलो. तानाबाई बांधावर उभी होती. तिनं माझ्या पायांकडं बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पायात पायताण आहे. घालूनच आत गेलो होतो. काढायचं भानच राहिलं नव्हतं. तिनंही आपली चप्पल पायातच ठेवली, आत आली आणि वेल सोडवून त्यांची मोळी बांधू लागली. जळणाला.

बैल वडगावच्या बाजारात दिले. गळ्यातले नाड्याचे गोंडे मी काढून घेतले. घेणारा म्हणाला, "राहू द्या की, शोभतंय." मी दिले नाहीत.

दावा चालू होता. माझा वकील त्र्यंबकराव, कोल्हापूरचा. हुशार, पण त्याला मोट म्हणजे काय हे मला दोनदा सांगावं लागलं. तारखा पडायच्या. पहाटे चालत स्टेशन, तिथून गाडी, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, दुपारी शिपाई पुढची तारीख ओरडायचा. दादाही तिथंच बसलेला असायचा. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. नंतर एकदा त्यानं तंबाखूची पिशवी पुढं केली आणि मी घेतली. परतीच्या गाडीत एकाच बाकावर बसलो.

"तुजा वकील लई बोलतोय," तो म्हणाला.

"तुजा बोलतच न्हाई."

"तरी पैसं तेवढंच घेतोय," दादा म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

त्याच काळात मी अक्षरं शिकलो. गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता. दिवेलागणीला शाळेत कंदील लावून बसायचं. गुरुजी माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी पंचेचाळिशीचा. पाटीवर ग काढताना माझा हात नाडा ओढल्यासारखा जोर करायचा आणि पेन्सिल मोडायची. कोर्टात कारकून माझ्यापुढं कागद धरायचा आणि शाईची डबी सरकवायचा. त्या डबीत अंगठा बुडवताना मला उंबराखालचा तो दिवस दिसायचा. म्हणून शिकलो. आणखी कशासाठी नाही.

कोर्टानं एक कमिशनर पाठवला, विहीर मोजायला. त्याच्याकडं लोखंडी टेप होता. मी माळ्यावरचा जुना नाडा काढला. त्यानं तो धावेच्या माथ्यापासून अकराव्या पायरीपर्यंत धरून बघितला, खाच बघितली, टेपनं फूट मोजले, लिहून घेतलं. गावातल्या पाच म्हाताऱ्यांच्या जबान्या झाल्या. माझी ऐंशी वर्षांची आई धोंडुबाई, तिला शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून स्टेशनावर आणि तिथून कोर्टात नेली. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "अकराव्या पायरीखाली मोट कधी गेली होती का?"

आई म्हणाली, "जाईल कशी? नाडा संपतोय की तितं, लेकरा."

न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल सत्तावन्न सालच्या चैत्रात आला. तोवर आई गेली होती. निकालाची नक्कल त्र्यंबकरावानं गावच्या माणसाबरोबर पाठवली. मी ती सोप्यात बसून वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द. जोडाक्षरं खूप होती, पण वाचता आलं. तानाबाई सुपात तांदूळ निवडत होती. मी मोठ्यानं वाचलं.

"वादी व प्रतिवादी यांच्या पूर्वजांपासून चालत आलेली वहिवाट शाबीत झाली आहे. यंत्राने पाणी उपसताना विहिरीच्या अकराव्या पायरीखालील पाणी कोणीही उपसू नये. दर दिवशी इंजिन दोन तासांपेक्षा अधिक चालवू नये."

मी दोनदा वाचलं. जो नाडा लिहायला मी नको म्हटलं होतं, तो सरकारच्या कागदावर आला होता. शिक्क्यासकट.

तानाबाईनं सगळं अंग वळवून माझ्याकडं बघितलं.

"चांगलं वाचलासा," ती म्हणाली. मग सुपातला एक खडा टिपून बाजूला टाकला. "यात पाणी किती हाय?"

मी उठलो. माळ्यावरचा नाडा काढला, खांद्यावर टाकला आणि विहिरीकडं निघालो. वर्षभर मी विहिरीत डोकावलो नव्हतो. जाताना शिवारात इंजिनांचे आवाज येत होते. दादाचं पहिलं होतं. चार वर्षांत सतरा झाली होती. ज्याच्या त्याच्या विहिरीवर, ज्याच्या त्याच्या पाळीला. त्यांच्यावर कुणाचा दावा नव्हता.

दादाचं इंजिन मात्र गप्प होतं. तो काठावर बसला होता. त्याच्याही घरी नक्कल पोचली होती, पण त्याला वाचता येत नव्हतं. कागद त्यानं गुडघ्याखाली दाबून ठेवला होता.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बराबर लिवलंय." मग विहिरीकडं हात केला. "पंदरा दिस झालं, नळ वाळूत हाय. झरा आटला. खालच्या अंगाच्या इंजानवाल्यांनी आपल्या विहिरी लई खोल खणल्यात. माजा ऊस बी गेला, ज्ञान्या."

माझ्या खांद्यावरचा नाडा बघून तो काही न विचारता उठला. त्याचे गुडघे दुखत होते, तरी भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरू लागला. चाक अजून जागेवर होतं. मी नाडा त्यावर घातला, टोक सोडलं आणि धावेच्या माथ्यावर, बैल उभे राहायचे तिथं, विहिरीला पाठ करून उभा राहिलो. दुसरं टोक छातीशी धरलं. दोर हातातून खाली जात राहिला आणि संपला.

खालनं दादाचा आवाज आला. आत पाणी नसल्यामुळं तो घुमला.

"टेकला!"

मी नाडा धरून तसाच उभा राहिलो. माप बरोबर होतं.